मुळांखालचा साप

सह्याद्रीत राहणाऱ्या कोणालाही सापांची नावं विचारली, तर नाग, मण्यार, घोणस, फुरसं ही चार पटापट येतात. त्यांच्यामागे धामण, दिवड, नानेटी, हरणटोळ. घाटातला माणूस असेल तर चापडा. खापरखवल्या हे नाव मात्र सर्पमित्रांच्या बाहेर फारसं कोणाच्या तोंडी नाही. ज्यांच्या परसात, बागेत, राईत तो पिढ्यान्‌पिढ्या राहतो आहे, त्यांनाही तो क्वचित दिसतो, आणि दिसतो तेव्हा बहुधा कुदळीच्या घावाखाली. माडाला आळं करताना, चर खणताना, कुजलेला ओंडका बाजूला सारताना काळं, तुकतुकीत, बोटाएवढ्या जाडीचं काहीतरी वळवळतं. ‘दुतोंड्या निघाला’ असा पुकारा होतो आणि दुसऱ्या घावाला त्याचा निकाल लागतो. मारणाऱ्याला आपण काय मारलं हे कळलेलं नसतं. ज्याला विष नाही, जो चावत नाही, ज्याचं सगळं आयुष्य गांडुळांमागे जातं, असा एक साप तिथं संपलेला असतो.

या सापांपैकी एकाला त्याचं नाव मिळालं ते अगदी अलीकडे, २०१६ साली. मेलॅनोफिडियम खैरेई, म्हणजे खैरेंचा काळा खापरखवल्या. दक्षिण महाराष्ट्र, गोवा आणि उत्तर कर्नाटकाचा घाटमुलूख एवढंच त्याचं ज्ञात घर. वाघ, हत्ती, धनेश यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या याच जंगलात, त्यांच्या पायाखालच्या मातीत तो राहतो. त्याच्यावर दिवाळी अंकाची पानं खर्च करावीत असं मला वाटलं, कारण आपल्याकडे जंगलाविषयी बोलताना जमिनीच्या वरचंच बोलायची सवय पडली आहे.

आधी त्याच्या घराण्याविषयी. खापरखवल्यांचं शास्त्रीय कुळ युरोपेल्टिडी. या कुळात आजवर साठच्या आसपास जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि त्यांतली एकही द्वीपकल्पीय भारत व श्रीलंका सोडून जगात कुठे आढळत नाही. बहुतेकींचं घर पश्चिम घाट आणि श्रीलंकेचे ओले डोंगर. यातल्या कित्येक जाती एखाद्या डोंगररांगेपुरत्या, काही तर एखाद्या पठारापुरत्या मर्यादित आहेत. जमिनीखालून सरकणारा प्राणी दूर जाऊ शकत नाही. मध्ये एखादं कोरडं, तापलेलं खोरं आलं की त्याच्यासाठी ती सीमाच ठरते. खोऱ्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे हजारो पिढ्या एकमेकांना भेटत नाहीत, आणि हळूहळू दोन जाती होतात. सह्याद्रीचा प्राचीन भूगोल या सापांच्या वंशावळीत असा उतरलेला आहे.

महाराष्ट्रात या कुळाचे ठळक प्रतिनिधी म्हणजे फिप्सनचा खापरखवल्या आणि मोठ्या खवल्यांचा खापरखवल्या. यांच्या शेपटीचं टोक तिरकं कापलेलं दिसतं. त्या कापावर खडबडीत, काटेरी खवल्यांची एक चकती असते, तीच ‘खापर’. तिच्यावर ओली माती चिकटून घट्ट टोपी बनते. साप बिळात पुढे शिरला की ही मातीची टोपी मागचं तोंड बुजवते. पाठलाग करणाऱ्या शत्रूला समोर साप दिसतच नाही, दिसते ती माती. बोथट, जाड शेपटी आणि निमुळतं डोकं यांत पटकन फरक कळत नाही, म्हणून ‘दोन तोंडांचा’ हा समज. खैरेंचा काळा खापरखवल्या ज्या मेलॅनोफिडियम गटातला आहे, त्या गटात ही चकती नसते. शेपटीचं टोक साधं, बाजूंनी किंचित दबलेलं असतं आणि हनुवटीखाली एक खाच असते, जी या कुळातल्या इतरांमध्ये सापडत नाही. घराणं एकच, पण ही शाखा जरा वेगळी.

आता याच्या खणण्याविषयी, कारण खरं नवल तिथे आहे. पाय नाहीत, नखं नाहीत, डोळे मोहरीएवढे आणि तेही खवल्याखाली झाकलेले. एवढ्या शिदोरीवर हा प्राणी मुळांनी विणलेल्या जमिनीत वाट कशी काढतो? कार्ल गॅन्स या प्राणिशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नाचा छडा लावला. १९७८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांचा निबंध आला. त्यांनी या सापांचे स्नायू तपासले, तेव्हा दिसलं की शरीराचा पुढचा भाग आणि मागचा भाग हे जवळजवळ दोन वेगळ्या प्राण्यांचे असावेत इतके भिन्न आहेत. पुढच्या भागातले स्नायू जाड आणि लालभडक. त्यांत प्राणवायू साठवणारं मायोग्लोबिन भरपूर, ऊर्जा तयार करणारी सूत्रकणिका भरपूर. हे न थकता दीर्घकाळ राबणारे स्नायू आहेत. मागच्या भागातले पातळ आणि फिकट. गॅन्सने या रचनेला मालगाडीची उपमा दिली: ताकद सगळी पुढच्या इंजिनात, बाकीचे डबे मागून ओढले जातात.

इंजिन चालतं कसं, तेही ऐकण्यासारखं आहे. सापाच्या पुढच्या भागात कातडी आणि आतलं शरीर यांची पकड सैल असते. साप कातडीच्या आत आपला कणा नागमोडी दुमडतो. बाहेरून पाहणाऱ्याला शरीर फक्त फुगल्याचं दिसतं, आतल्या वळ्या दिसत नाहीत. या फुगण्याने अंगाचा तेवढा भाग बिळाच्या भिंतींना दाबून बसतो आणि पक्का रुततो. मग त्या आधारावरून डोकं पुढच्या मातीत घुसवलं जातं. कवटीची हाडं घट्ट सांधलेली असल्याने हा दाब ती सहन करते. डोकं पुढे गेलं की कणा सरळ होतो, मागचं शरीर ओढून घेतलं जातं, पुन्हा दुमड, पुन्हा दाब. नाग उंदराला गिळताना जबडा जसा ताणतो, तसा या सापाला ताणता येत नाही. खणायला मजबूत डोकं हवं आणि मोठं भक्ष्य गिळायला लवचीक; त्याने पहिलं पत्करलं. म्हणून त्याच्या ताटात गांडूळ. ओल्या जंगलाच्या जमिनीत गांडुळांना तोटा नाही, तेव्हा हा सौदा त्याला लाखो वर्षं पुरला.

मातीत राहूनही याच्या अंगाला माती लागत नाही. चिखलातून वर काढलेला खापरखवल्या स्वच्छ असतो, आणि उजेडाची तिरीप पडली की त्या काळ्या अंगावर निळी, जांभळी, हिरवी झाक फिरते. हा रंग शाईसारखा खवल्यात भरलेला नसतो. खवल्यांच्या पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेघा असतात, त्यांवर प्रकाश फुटतो म्हणून ही झळाळी. त्याच रेघांमुळे ओलावा आणि माती धरून राहत नाही. अंधारात जगणाऱ्या प्राण्याला इंद्रधनुष्य कशाला, असा प्रश्न पडतो, त्याचं उत्तर हे: तो रंग स्वच्छतेसोबत आपसूक आलेला आहे.

पण या कुळातल्या काही जातींचे पिवळे, केशरी, लाल ठिपके आणि पट्टे मात्र खरोखरीचे रंग आहेत. मोठ्या खवल्यांच्या खापरखवल्याच्या अंगावर ते दिसतात. तिरुवनंतपुरमच्या आयसर संस्थेतील विवेक फिलिप सिरियक आणि उल्लास कोदंडरामय्या यांनी २०१९ साली यावर काम प्रसिद्ध केलं. त्यांचं म्हणणं असं की हे रंग विषाची खोटी भीती घालत नाहीत. ते शिकाऱ्याला एवढंच सांगतात, की मला मारून खायला फार वेळ लागेल. या सापांची कातडी जाड, अंग चिवट, शेपूट खडबडीत. उघड्यावर एका सापाशी झगडत बसणं कोंबडीवर्गातल्या पक्ष्यालाही धोक्याचं असतं, कारण तेवढ्यात त्याच्यावरच झडप पडू शकते. म्हणून असे रंग ध्यानात ठेवून तो टाळतो. विष नाही, दात वापरायची वृत्ती नाही, पळण्याचा वेग नाही, अशा जिवाने इतक्या साध्या गोष्टीवर आपला बचाव उभारावा याचं मला फार कौतुक वाटतं.

सगळेच शत्रू त्याला असे टाळत नाहीत. रानडुक्कर जमीन उकरून याला खातं. मोर, रानकोंबड्या पाचोळा विसकटतात तेव्हा तो सापडतो. पालापाचोळ्यात फिरणारा विषारी पोवळा साप तर खापरखवल्यांवर जगतो, असं म्हटलं तरी चालेल.

ज्याला कोणी पाहत नाही त्याचा शोध लागतो कसा? या सापांच्या संशोधनाचा इतिहास एकोणिसाव्या शतकात सुरू होतो, आणि त्यात एक नाव वारंवार येतं: रिचर्ड हेन्री बेडम. मद्रास इलाख्याच्या वनखात्यातला हा लष्करी अधिकारी. जंगल पाहणं हे त्याचं कामच होतं. नेचे आणि झाडं हा त्याचा मूळ अभ्यास. पण दक्षिणेच्या डोंगरांत हिंडता हिंडता त्याने खापरखवल्यांच्या कितीतरी जाती पहिल्यांदा जगासमोर आणल्या. मेलॅनोफिडियम गटातल्या तीन जाती त्याच्याच: १८६३, १८७० आणि १८७१ सालच्या. ब्रिटिश म्युझियमच्या आल्बर्ट गुंथरने १८६४ साली हा गट वेगळा मांडला होता. त्यानंतर मात्र या गटात एकाही नव्या जातीची भर पडली नाही. पाहता पाहता जवळजवळ दीड शतक गेलं.

मुंबईच्या बाजूला वेगळी माणसं होती. १८८३ साली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी स्थापन झाली. तिच्या उभारणीत हर्बर्ट मस्ग्रेव्ह फिप्सन या मद्यव्यापाऱ्याचा मोठा वाटा. सोसायटीचा संग्रह सुरुवातीच्या काळात त्याच्या व्यवसायाच्या जागेतच मांडलेला असे. १८८८ साली जॉर्ज मेसनने मुंबई इलाख्यातल्या एका नव्या खापरखवल्याचं वर्णन केलं आणि त्याला फिप्सनचं नाव दिलं. १९५५ साली चारी यांनी महाबळेश्वरच्या खापरखवल्याची वेगळी उपजात नोंदवली. महाबळेश्वरला दरवर्षी जाणाऱ्या लाखो पर्यटकांना आपण ज्या मातीवर चालतो तिच्या नावाचा एक साप शास्त्रात आहे, हे कोणी सांगत नाही. स्ट्रॉबेरीच्या पाट्यांशेजारी एक पाटी त्याचीही लावायला हवी.

आणि मग २०१६. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमचे डेव्हिड गॉवर आणि मार्क विल्किन्सन, सोसायटीच्या संग्रहात वाढलेले वरद गिरी, आणि पुण्याचे अशोक कॅप्टन यांनी ‘झूटॅक्सा’ या नियतकालिकात मेलॅनोफिडियम गटाचा फेरविचार मांडला. सह्याद्रीच्या उत्तरेकडच्या भागातून मिळालेले काळे साप आजवर बेडमच्या १८७१ सालच्या जातीत गणले जात होते. या चौघांनी नमुने शेजारी ठेवून तपासले तेव्हा दिसलं, की उत्तरेचे वेगळे आहेत.

हे काम ज्या चिकाटीने होतं तिच्याविषयी दोन शब्द सांगावेसे वाटतात. काचेच्या बरणीत द्रावणात ठेवलेला साप बाहेर काढायचा. सूक्ष्मदर्शकाखाली गळ्यापासून गुदद्वारापर्यंत पोटाचे खवले एकेक करून मोजायचे. मग शेपटीखालचे. अंगाभोवतीच्या ओळी तीन ठिकाणी. डोक्यावरच्या प्रत्येक ढालीची लांबी-रुंदी. मग पुढची बरणी. या कुळात नराची शेपूट मादीपेक्षा लांब, तिच्यावर खवलेही जास्त, म्हणून नर-मादी वेगळे केल्याशिवाय तुलना करता येत नाही. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी कोणीतरी घाटात पकडलेला नमुना, त्याला बांधलेली पितळी किंवा कागदी चिठ्ठी, तिच्यावरचं धूसर अक्षर, हे सगळं या मोजणीत पुरावा म्हणून उभं राहतं. संग्रहालयांतल्या बरण्या म्हणजे मेलेल्या प्राण्यांची अडगळ असं समजून त्यांच्यावरचा खर्च कापणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. त्या बरण्या नसत्या, तर हा साप आजही दुसऱ्याच्या नावावर जगला असता.

नव्या जातीला नाव दिलं नीलिमकुमार खैरे यांचं. १९८० साली पुण्यात ७२ विषारी सापांसोबत ७२ तास काचेच्या खोलीत बसणारे खैरे माझ्या पिढीला माहीत आहेत. सापाला डिवचलं नाही तर तो चावत नाही, हे लोकांना डोळ्यांनी दिसावं यासाठी तो खटाटोप होता. पुढे १९८६ साली कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं. शाळांच्या सहलींतून तिथे गेलेल्या मुलांच्या कित्येक पिढ्यांनी आयुष्यातला पहिला नाग तिथे, भीतीविना पाहिला. महाराष्ट्रात साप दिसला की काठी शोधण्याआधी सर्पमित्राचा नंबर शोधायची जी सवय थोडीफार रुजली, तिच्यामागे त्यांचं आणि त्यांच्यासारख्यांचं काम आहे. ज्या माणसाने सापांना घरातल्या चर्चेत आणलं, त्याच्या नावाचा साप घरातल्या कोणालाच ठाऊक नसलेला निघावा, हे मात्र मनाला लागतं.

या सापाचं वर्षाचं चक्र पावसाला बांधलेलं आहे. उन्हाळ्यात वरची माती कोरडी पडली की तो खोल जातो, जिथे ओल टिकलेली असेल तिथपर्यंत. मृग बरसला, माती भिजली, गांडुळं वर आली, की तोही वर येतो. पाचोळ्याखाली, दगडाखाली, कुजक्या लाकडाखाली. खापरखवल्यांची मादी अंडी घालत नाही. अंडी पोटातच उबतात आणि मोजकी, आयती सरकू लागलेली पिल्लं जन्माला येतात.

याच दिवसांत त्याच्यावर सगळ्यात मोठं संकट येतं. पावसाच्या रात्री तो जमिनीवर येतो आणि कधी डांबरी रस्ता ओलांडू लागतो. खणण्यासाठी घडलेलं शरीर गुळगुळीत डांबरावर जवळजवळ हतबल असतं. पकड घ्यायला काही नसतं, म्हणून तो जागच्या जागी वळवळत राहतो. पश्चिम घाटातल्या रस्त्यांवर चिरडलेल्या प्राण्यांच्या नोंदी घेणाऱ्यांच्या यादीत खापरखवले वारंवार येतात. पावसाळी पर्यटनाने आंबोली, ताम्हिणी, महाबळेश्वरचे रस्ते रात्रीही जागे असतात, आणि गाडी चालवणाऱ्याला चाकाखाली काय आलं हे जाणवतही नाही. आंबोलीत एखादा माणूस ओल्या मातीत काळसर, बिनपायाचं काही पाहतो तेव्हा ते देवगांडूळही असू शकतं. ते बेडकांच्या नात्यातलं, उभयचर. आंबोलीच्या मातीतून २००३ साली वरद गिरी, विल्किन्सन आणि गॉवर यांनीच देवगांडुळाची एक नवी जात नोंदवली होती. साप, देवगांडूळ आणि साधं गांडूळ हे तिन्ही एकाच हातभर मातीत नांदतात.

दुसरं संकट अंधश्रद्धेचं. मांडुळामुळे गुप्तधन मिळतं, पैशाचा पाऊस पडतो, या भ्रमापायी मांडुळांची तस्करी होते आणि पोलिसांच्या छाप्यांच्या बातम्या आपण वाचतो. मांडूळ पाळणं, विकणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. खापरखवल्याची बोथट शेपूट पाहून त्यालाही मांडूळ समजणारे लोक आहेत. बाजारात त्याला किंमत येत नाही, पण तो डब्यात, बरणीत कोंबला जातो. कोरड्या डब्यात, उन्हाच्या धगीत तो फार काळ तग धरत नाही.

आणि तिसरं, सगळ्यांत मोठं: माती. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग, सावंतवाडी पट्ट्यात डोंगरउतारांवरचं मिश्र जंगल तोडून रबराच्या बागा उभ्या राहिल्या. लांबून पाहिलं तर तिथे हिरवंच दिसतं. पण जेसीबीने उतार कापून पायऱ्या काढल्या की शेकडो वर्षांचा कुजलेल्या पानांचा थर एका आठवड्यात खाली वाहून जातो. खालची घट्ट जांभी उघडी पडते. पहिल्या उन्हाळ्यात ती तापते, गांडुळं जातात, आणि त्यांच्यामागे सापही. पुढे कीटकनाशकं, तणनाशकं. वरून झाडं पुन्हा लावता येतात. खालचा थर परत यायला माणसाची कित्येक आयुष्यं लागतात.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. खापरखवल्या फक्त निबिड अरण्यातच जगतो असं नाही. काही जाती जुन्या बागांत, घरामागच्या केळींच्या आळ्यांत, शेणखताच्या ढिगाजवळही सापडतात. त्याच्या गरजा थोड्या आहेत: सावली, ओल, भुसभुशीत माती, गांडुळं, आणि विषारी फवारणी नसणं. म्हणूनच कोकण आणि गोव्यातल्या देवरायांचं मोल मोठं आहे. देवाच्या भीतीने तिथला पाचोळासुद्धा कोणी उचलत नाही. त्यामुळे चारही बाजूंनी मोकळं झालेल्या गावात एक-दोन एकर जुनी माती जिवंत राहते. मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी राईत सिमेंटचं अंगण, पेव्हर ब्लॉक आणि वाहनतळ येतो तेव्हा तोडलेल्या झाडांबद्दल तरी कोणी हळहळतं. झाकलेल्या मातीबद्दल कोणीच बोलत नाही.

सरकारी पातळीवर काही चांगलंही घडलं आहे. २०२० साली तिलारीचं २९.५३ चौरस किलोमीटर जंगल संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झालं. तो पट्टा महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटकाच्या जंगलांना जोडतो. खैरेंच्या खापरखवल्याचा मुलूखही याच तीन राज्यांत पसरलेला आहे. मागणी वाघ-हत्तींच्या नावाने झाली, फायदा मातीतल्या जिवांनाही मिळेल. पण पश्चिम घाटाचं संवेदनशील क्षेत्र ठरवण्याच्या मसुद्यांचं काय? माधव गाडगीळ समितीचा अहवाल २०११ सालचा, कस्तुरीरंगन समितीचा २०१३ सालचा. त्यानंतर अधिसूचनेचे मसुदे पुन्हा पुन्हा निघत राहिले, जुलै २०२४ मध्ये सहावा निघाला. या चालढकलीत जे उतार कापले गेले, ते अंतिम अधिसूचना आली तरी परत येणार नाहीत.

जागतिक पातळीवरच्या लाल यादीत खापरखवल्यांच्या अनेक जातींपुढे ‘माहिती अपुरी’ असा शेरा आहे. वाघ मोजायला कॅमेरे लावता येतात, पक्षी आवाजावरून मोजता येतात. जमिनीखालचा साप मोजायला जमीन खणावी लागते, आणि खणलं की त्याचं घर मोडतं. म्हणून या सापांची बरीचशी माहिती अपघाताने मिळते: कोणीतरी रस्त्यावर मेलेला पाहिला, कोणाच्या कुदळीखाली आला. अशा प्रत्येक अपघाताची नोंद झाली, तरी चित्र पुष्कळ बदलेल, आणि हे काम शास्त्रज्ञांपेक्षा घाटात राहणारे शेतकरी, बागायतदार, वनरक्षक, शिक्षक अधिक चांगलं करू शकतील.

तेव्हा वाचकहो, एक विनंती. परसात, बागेत, राईत खणताना असा काळा, तुकतुकीत साप निघाला तर घाव थांबवा. पाचोळ्यात पोवळाही असतो आणि तो विषारी आहे, म्हणून ओळखीची खात्री नसताना हात लावू नका. फावड्यावर मातीसकट उचला, डोक्याचा, शेपटीचा आणि पोटाचा फोटो काढा, गाव आणि तारीख लिहून इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर किंवा आयनॅचरलिस्टवर टाका. रस्त्यावर मेलेला सापडला तरी त्याचा फोटो तितकाच मोलाचा आहे. जिवंत सापाला डब्यात भरू नका, उन्हात ठेवू नका. जिथे सापडला तिथेच, सावलीत, ओल्या मातीवर सोडा आणि वर मूठभर पाचोळा पसरा. पुढचं खणणं त्याला येतं.